ऑपरेशननंतरचा मध्यम मार्ग

(विहाराच्या वर्धापनदिनी सेमाडोह येथे केलेल्या भाषणाचे शब्दांकन)





समितीच्या पोरांनी मला विचारलं, "काकाजी, तुम्ही कोणत्या विषयावर बोलता?" मी म्हटलं, ऑपरेशन झाल्यावर माणसानं पुन्हा उठावं कसं, चालावं कसं, कामाला लागावं कसं, यावर बोलतो. पोरं हसली. एक जण म्हणाला, "काकाजी, वर्धापनदिनाले हर्नियाचं भाषण देता का?" मी त्याला म्हटलं, हो बाप्पा, देतो. कारण या मांडवात बसलेल्यांपैकी ज्यांच्या घरी आजवर कोणाचंच ऑपरेशन झालं नाही, अशी घरं फार थोडी निघतील. कोणाचं अपेंडिक्स, कोणाचा हर्निया, कोणाची पिशवी काढली, कोणाचं सिझर, कोणाचा मोतीबिंदू. ऑपरेशन डॉक्टर करतात आणि चांगलं करतात. पण त्याच्या पुढचे सहा आठवडे, तीन महिने डॉक्टरच्या हातात नसतात. ते आपल्या घरात काढायचे असतात आणि बिघडतं ते तिथंच.

मी स्वतः आरोग्य सेवक म्हणून मेळघाटात नोकरी केली. गावोगाव फिरून लोकांना सांगितलं, हे करा, ते करू नका. आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा मीच चुकलो. माझी चूक आधी सांगतो, म्हणजे पुढचं बोलायचा अधिकार मला मिळेल.

माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सुट्टी देताना दोन गोष्टी सांगितल्या होत्या. रोज चाला, आणि सहा आठवडे वजन उचलू नका. मी घरी आलो. माय म्हणाली, "हलू नको रे बाप्पा, टाके उसवतीन." मी बाजेवर पडलो तो तीन आठवडे पडलो. जेवण बाजेवर, पाणी बाजेवर. शेजारी भेटायला यायचे, तेही म्हणायचे, "आराम करा, आराम करा." तीन आठवड्यांनी उठलो तर पाय कापसासारखे झाले होते. अंगणातून विहिरीपर्यंत जाईस्तोवर धाप लागली. मला वाटलं, आता आराम फार झाला, कामाला लागलो की ताकद आपोआप येते. तेव्हा सोयाबीन घरात येत होतं. बंडीवरून कट्टे उतरवणं चालू होतं. मजूर एक कमी होता. मी खांदा लावला. पन्नास किलोचा कट्टा. त्या रात्री ऑपरेशनच्या जागी दुखलं, आणि काही महिन्यांत तिथं पुन्हा फुगवटा दिसायला लागला. दुसरं ऑपरेशन करावं लागलं, जाळी टाकावी लागली. त्या वर्षीचा शेतीचा पैसा सगळा त्यात गेला. पोराची फी भरायला उसनवारी करावी लागली.

मी चूक एक नाही केली, दोन केल्या. आधी तीन आठवडे नुसता पडून राहिलो, ही एक. मग एकदम कट्टा उचलला, ही दुसरी. आपल्या वस्तीत मी हेच दोन प्रकार पाहतो. काही माणसं टाके उसवतील या भीतीनं महिना-महिना खाट सोडत नाहीत. आणि काही माणसं, त्यातही आपल्या आयाबहिणी जास्त, टाके निघाले की दुसऱ्या दिवशी डोक्यावर मोळी घेतात. पहिलं टोक आरामाचं आणि दुसरं कष्टाचं. तथागतांनी पहिल्याच प्रवचनात, सारनाथला, पाच भिक्खूंना जे सांगितलं ते आपण सगळे जाणतो. दोन्ही टोकं टाळायची आणि मधला मार्ग धरायचा. मी आज एवढंच सांगायला उभा आहे, की ऑपरेशननंतरच्या शरीरालाही मध्यम मार्गच लागू आहे.

आता कोणी म्हणेल, धम्माचा आणि ऑपरेशनचा काय संबंध? तर विनयपिटकातल्या महावग्गात जीवकाची कथा आहे ती ऐका. जीवक हा राजगृहाचा वैद्य. तक्षशिलेला सात वर्षं शिकून आला. पुढं तो बिंबिसार राजाचा आणि भगवान बुद्धांच्या भिक्खुसंघाचा वैद्य झाला. वाराणसीच्या एका श्रेष्ठीच्या मुलाच्या आतड्याला कोलांट्या खेळताना पीळ पडला होता. जीवकानं त्याचं पोट उघडून पीळ सोडवला, पोट शिवलं, मलम लावलं आणि मुलगा बरा झाला, असं ही कथा सांगते.

राजगृहाच्या श्रेष्ठीची कथा तर आपल्या विषयाचीच आहे. त्याला डोक्याचा जुना आजार होता. जीवकानं त्याला आधी विचारलं, ऑपरेशननंतर एका कुशीवर सात महिने पडून राहशील का? दुसऱ्या कुशीवर सात महिने? मग पाठीवर सात महिने? श्रेष्ठी म्हणाला, राहीन. ऑपरेशन झालं. पण सात दिवसांतच तो कंटाळला. मग सात दिवस दुसऱ्या कुशीवर, सात दिवस पाठीवर, असे एकवीस दिवस झाले आणि तो बरा झाला. तेव्हा जीवकानं सांगितलं, की एकवीस दिवसांत तू बरा होशील हे मला ठाऊकच होतं. पण सात महिने म्हटलं नसतं तर तू एवढाही टिकला नसतास.

ही कथा ऐकून आपण हसतो. पण यात दोन गोष्टी आहेत. एक, ऑपरेशननंतर किती थांबायचं हे वैद्य ठरवतो, रोग्याची हौस किंवा भीती ठरवत नाही. दुसरी, विश्रांतीला शेवट असतो. एकवीस दिवस म्हणजे एकवीस दिवस. जन्मभर खाटेवर नाही.

आणि याच जीवकानं आणखी एक काम केलं. भरपेट, उत्तम भोजन मिळू लागल्यानं भिक्खूंची शरीरं जड झाली, आजारी पडू लागली, हे वैशालीला त्यानं पाहिलं आणि भगवंतांना विनंती केली, की भिक्खूंना चंक्रमणाची आणि उष्ण स्नानगृहाची परवानगी द्यावी. भगवंतांनी ती दिली. चंक्रमण म्हणजे ठरलेल्या जागेवर, शांतपणे, इकडून तिकडे चालणं. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत. प्रवासाची ताकद येते, साधनेची ताकद येते, आजार कमी होतात, खाल्लेलं अन्न पचतं आणि चालताना साधलेली एकाग्रता दीर्घकाळ टिकते. आपल्यापैकी जे बोधगयेला जाऊन आले त्यांनी महाबोधी विहाराच्या उत्तर बाजूला दगडी कमळांची ओळ पाहिली असेल. संबोधीनंतर भगवंत जिथं चालले, ते चंक्रमणस्थान म्हणून ती जागा दाखवतात.

आता आजच्या विज्ञानाचं ऐका. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मोठमोठ्या देशांतसुद्धा पोटाचं ऑपरेशन झालं की रोग्याला दोन-दोन, तीन-तीन आठवडे खाटेवरून हलू देत नसत. आपल्या मायबापांची जी समजूत होती, तीच तेव्हा तिथल्या डॉक्टरांचीही होती. १८९९ साली शिकागोच्या एमिल रीस नावाच्या डॉक्टरांनी लिहिलं, की पोटाच्या ऑपरेशननंतर रोग्यांना लवकर उठवावं, ते लवकर सुधारतात. तेव्हा फारसं कोणी मानलं नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दवाखाने भरून गेले, रोग्यांना लवकर उठवावं लागलं आणि डॉक्टरांना दिसलं की लवकर उठलेले लवकर बरे होतात. १९९० च्या दशकात डेन्मार्कचे डॉ. हेन्रिक केलेट यांनी याची पूर्ण पद्धतच बसवली. आज बहुतेक ऑपरेशननंतर त्याच दिवशी नाही तर दुसऱ्या दिवशी रोग्याला उभं करतात, ते यामुळे. तेव्हा नर्सताई म्हणाल्या, "उठा, चाला," तर त्या निर्दय नाहीत. त्या तुमचं भलं करून राहिल्या.

नुसतं पडून राहिल्यानं काय होतं, याचा एक प्रयोग अमेरिकेत डलास शहरात १९६६ साली झाला. वीस वर्षांची पाच धडधाकट पोरं घेतली आणि तीन आठवडे खाटेवर झोपवून ठेवली. तीन आठवड्यांत त्यांची दमसास टिकवून काम करण्याची ताकद फार घसरली. मग तीस वर्षांनी, १९९६ साली, त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं. तेव्हा ते पन्नाशीचे झाले होते. तर दिसलं काय? तीस वर्षांच्या वयानं जेवढी ताकद गेली, त्याहून जास्त ताकद त्या तीन आठवड्यांच्या झोपण्यानं गेली होती. मी पडून राहिलो तेही तीनच आठवडे. पण याच प्रयोगात एक आशेची गोष्ट आहे. पन्नाशीतल्या त्या पाच जणांनी सहा महिने हळूहळू वाढवत चालण्या-पळण्याचा व्यायाम केला आणि वयानं गेलेली ती ताकद परत मिळवली. म्हणजे गेलेली ताकद येते. हळूहळू येते, पण येते.

पडून राहण्याचा धोका नुसत्या अशक्तपणाचा नाही. पाय हलले नाहीत तर पोटरीतल्या शिरांत रक्त गोठतं. ती गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर माणूस दगावू शकतो. खोल श्वास घेतला नाही तर छातीत कफ साचतो, न्यूमोनिया होतो. आतडी सुस्त पडतात, पोट साफ होत नाही. मग माणूस जोर करतो आणि तो जोर टाक्यांवर येतो. म्हणजे ज्या टाक्यांना जपायला आपण पडून राहिलो, त्यांनाच त्रास झाला.

मग लगेच कामाला लागायला काय हरकत, असं कोणी म्हणेल. तर जखम आत कशी भरते ते समजून घ्या. दहा-बारा दिवसांत टाके निघतात तेव्हा फक्त वरची चामडी जुळलेली असते. आतलं विणकाम चालूच असतं. तीन आठवड्यांनी त्या जागेची मजबुती पूर्वीच्या साधारण पाव हिश्शाएवढी असते. तीन महिन्यांनी ती ८० टक्क्यांच्या जवळ जाते. पूर्वीइतकी शंभर टक्के ती कधीच होत नाही. आपण घराचा स्लॅब टाकतो, तेव्हा दुसऱ्या दिवशी सेंट्रिंग काढून वर धान्याचे कट्टे ठेवतो का? नाही. पण स्लॅब टाकून त्याला तसाच सोडूनही देत नाही, रोज पाणी मारतो. ऑपरेशनची जागा तशीच आहे. रोजचं चालणं म्हणजे ते पाणी मारणं, आणि वजन न उचलणं म्हणजे सेंट्रिंग राहू देणं. दोन्ही पाहिजे. टाके निघाले म्हणजे जखम बंद झाली, बरी झाली नाही, एवढं वाक्य घरच्या भिंतीवर लिहून ठेवा.

आता प्रत्यक्ष कसं करायचं ते सांगतो. आधी एक सांगतो, की प्रत्येक ऑपरेशन वेगळं असतं. दुर्बिणीतून केलेलं असेल तर दिवस कमी लागतात. हाडाचं, मणक्याचं, हृदयाचं, डोळ्याचं असेल तर नियम वेगळे. मोतीबिंदूवाल्यानं चालायला हरकत नाही, पण वाकून जड उचलणं आणि डोळ्यात पाणी-धूळ जाणं काही दिवस टाळावं लागतं. म्हणून सुट्टी घेताना डॉक्टरांना तीन प्रश्न विचारल्याशिवाय दवाखान्याची पायरी उतरू नका. किती चालू? किती वजन, कधीपासून उचलू? पुन्हा दाखवायला कधी येऊ? मी जे सांगतो ते पोटाच्या साध्या ऑपरेशनचं सर्वसाधारण सांगतो.

परतवाड्याहून किंवा अमरावतीहून सेमाडोहला यायचं म्हणजे घाटाची वळणं आहेत. गाडीत पोटावर उशी किंवा घडी केलेली चादर धरून बसा. घटांगला गाडी थांबवून दोन-चार मिनिटं उभे राहा, चाला. पाय सारखे हलवत राहा.

घरी आल्यावर खाटेवरून उठताना सरळ उठून बसू नका, पोटावर ताण येतो. आधी कुशीवर व्हा, पाय खाली सोडा आणि हातानं रेटून उठा. जागेपणी दर तासाला दहा वेळा खोल श्वास घ्या. खोकला आला तर उशी पोटाशी दाबून खोका. पडल्या-पडल्या पायाचे पंजे वर-खाली करा.

चालणं असं वाढवा. पहिला आठवडा घरात आणि अंगणात, एका वेळी पाच मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. दुसरा आठवडा दहा मिनिटं, दोन-तीन वेळा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पंधरा-वीस मिनिटं, दोन वेळा. सहाव्या आठवड्यापर्यंत सलग अर्धा तास. चालताना शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे. बोलता येत नसेल इतकी धाप लागली तर वेग जास्त झाला. आणि दुसऱ्या दिवशी दुखणं वाढलं किंवा अंग गळून गेलं तर काल जास्त झालं असं समजा, दोन दिवस एक पायरी खाली या. हरलो असं समजू नका.

सोण स्थविराची गोष्ट आपण वर्षावासात ऐकतो. चंपानगरीचा तो श्रीमंताघरचा नाजूक पोरगा. भिक्खू झाल्यावर पाय रक्तबंबाळ होईस्तोवर चंक्रमण करत राहिला. एवढं करून काही साधेना, तेव्हा घरी परत जावं असं त्याच्या मनात आलं. भगवंतांनी त्याला वीणेचं विचारलं. तार फार ताणली तरी सूर नाही, फार सैल सोडली तरी सूर नाही. भगवंतांनी त्याला चालणं सोड असं सांगितलं नाही. तार नीट लाव, असं सांगितलं. ऑपरेशन झालेल्या माणसानं रोज सकाळी हेच स्वतःला विचारावं, आज माझी तार कशी आहे?

वजनाचं म्हणाल तर पहिल्या सहा आठवड्यांत पाच किलोच्या आसपासच्या वर उचलू नका असं डॉक्टर साधारणपणे सांगतात. पण पाच किलो म्हणजे किती हे आपल्याला कळत नाही. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पंधरा लिटरची भरलेली बादली म्हणजे पंधरा किलो. भरलेला गॅसचा सिलिंडर तीस किलोच्या जवळ जातो. दीड-दोन वर्षांचं लेकरू दहा किलोचं असतं. लाकडाची मोळी वीस-पंचवीस किलोची सहज होते. म्हणजे आपण ज्याला "थोडंसंच तर उचललं" म्हणतो, ते डॉक्टरांच्या हिशोबात तिप्पट-चौपट असतं. सहा आठवड्यांनी डॉक्टरांना दाखवून हलकी कामं सुरू करा, आणि जड ओझं तीन महिन्यांच्या सुमारास, तेही थोडं-थोडं वाढवत.

आपल्या तरुण पोरांसाठी सांगतो. आपला वऱ्हाड हा व्यायामाचा प्रदेश आहे. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली स्थापन झालं आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्यांच्या पथकानं आपले देशी खेळ तिथं करून दाखवले. पण कोणत्याही आखाड्यातला वस्ताद नवख्या पोराला पहिल्या दिवशी शंभर जोर मारू देत नाही. ऑपरेशननंतर पहिलवानही नवखाच असतो. आधी चालणं, मग हलके व्यायाम, मग जोर-बैठका. पूर्वी किती मारत होतो हे विसरा. काल किती केलं तेवढं लक्षात ठेवा.

खाण्याबद्दल आपल्याकडे फार गैरसमज आहेत. भातानं पू होतो, दाळीनं टाके पिकतात, अंडं गरम पडतं. जखम विणायला जो माल लागतो तो दाळ, अंडी, दूध, हरभरा, मांस-मासळी यातूनच येतो. ते बंद केलं तर जखम भरणार कशानं? डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर तुरीचं वरण, भाजी, भाकर, अंडी सगळं खा, पाणी भरपूर प्या. साखरेची बिमारी असेल तर गोळ्या-इंजेक्शन चुकवू नका, साखर वाढलेली असली की जखम भरत नाही. आणि खर्रा, बिडी, दारू यांना हात लावू नका. बिडीनं जखमेला रक्त कमी पोचतं, खोकला येतो आणि खोकल्याचा प्रत्येक झटका टाक्यावर बसतो. पाचवं शील आपण दर रविवारी या विहारात म्हणतो. निदान तीन महिने ते शरीरासाठी पाळा, पुढं सवय लागेल.

आता जरा कडू बोलतो, राग मानू नका. मी पुरुष असून मला तीन आठवडे बाजेवर जेवण मिळालं. माझ्या घरच्या मंडळीचं पिशवीचं ऑपरेशन झालं तेव्हा आठव्या दिवशी ती चुलीपुढं होती आणि दहाव्या दिवशी तिच्या डोक्यावर पाण्याचा गुंड होता. मी घरातच होतो. मी आरोग्य सेवक होतो. मला दिसत होतं आणि मी उठलो नाही. ती काही बोलली नाही, म्हणून मला वाटलं की तिला काही त्रास नाही. पुढं तिला कंबरेचा आणि लघवीचा त्रास सुरू झाला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "घरात पाणी कोण भरतं?" मला मान वर करता आली नाही.

पिशवीच्या किंवा सिझरच्या ऑपरेशननंतर बाईनं लवकर जड उचललं तर पोटाचे आणि खालचे स्नायू सैल पडतात, अंग बाहेर येण्याचा त्रास होऊ शकतो. लाजेनं त्या सांगत नाहीत. सिझरवाल्या लेकीनं सहा आठवडे आपल्या तान्ह्या बाळापेक्षा जड काही उचलू नये. लघवी रोखून धरल्यासारखे खालचे स्नायू आत ओढायचे, पाच मोजेपर्यंत धरायचे आणि सोडायचे, ही कसरत डॉक्टरांना विचारून रोज करावी. सासूबाईंनो, तुम्ही सहन केलं म्हणून सुनेनं सहन करावं, हा धम्म नाही.

एका भिक्खूला हगवण लागली होती, तो आपल्याच घाणीत पडला होता, कोणी जवळ जात नव्हतं. भगवंतांनी आनंदासह त्याला स्वतः धुतलं, उचलून खाटेवर ठेवलं. मग भिक्खूंना सांगितलं, की ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्यानं आजाऱ्याची सेवा करावी. तिथंच चांगल्या रोग्याची लक्षणंही सांगितली आहेत. जे हिताचं आहे ते करतो, हिताच्या गोष्टीतही प्रमाण ओळखतो, औषध घेतो, दुखणं वाढलं की कमी झालं हे खरं सांगतो आणि वेदना सहन करतो. पहा, हिताच्या गोष्टीतही प्रमाण! चालणं हिताचं, पण त्यालाही प्रमाण.

कोणी म्हणतात, बाबासाहेबांनी आजारपणातही काम केलं, मग आपण का थांबायचं? खरं आहे. मधुमेह होता, पाय दुखत होते, तरी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला ते आपल्यासाठी उभे राहिले. पण त्यानंतर दोन महिनेही झाले नाहीत आणि ६ डिसेंबरला आपण पोरके झालो. वय ६५ वर्षं. त्यांनी आपल्यासाठी देह झिजवला, तो आपण आपला देह हेळसांडीनं घालवावा म्हणून नाही. शरीर टिकलं तर लेकरं शिकतील.

मला ठाऊक आहे, सहा आठवडे घरी बसणं मजुराला परवडत नाही. मेळघाटात आता दवाखान्याची सोय पूर्वीपेक्षा बरी झाली. बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी आयुष्य वाहिलं, धारणीजवळ उतावलीला डॉ. आशिष सातव यांचा दवाखाना उभा आहे. ऑपरेशनचा खर्च महात्मा फुले योजनेत बसू शकतो, त्याची चौकशी आधीच करा. पण घरातलं पाणी आणि सरपण कोणतीही योजना भरत नाही. ते आपल्यालाच करावं लागेल. म्हणून आज या वर्धापनदिनी मी दोन गोष्टी मागतो.

पहिली. शेतीच्या कामाला आपण इर्जिक करतो, सगळे मिळून एकाचं शेत उरकतो. तशी ऑपरेशन झालेल्या घराची इर्जिक करू. सहा आठवडे त्या घरचं पाणी आणि लाकूड पाळीपाळीनं आणू. त्याची यादी विहारात लावू. पहिलं नाव माझं लिहा.

दुसरी. आपल्या गावाला जंगल लागून आहे. पहाटे अंधारात किंवा संध्याकाळी जंगलाच्या रस्त्यानं अशक्त माणसानं एकट्यानं फिरायला जाणं बरं नाही, अस्वलापुढं धावता येत नाही. पावसाळ्यात तर रस्त्यावर चिखल असतो. म्हणून विहाराच्या अंगणात चाळीस पावलांचा एक सपाट चंक्रमणपथ करू. खड्डे बुजवू, एका बाजूला धरायला बांबू बांधू, दोन्ही टोकांना बसायला दगडी ओटा करू. पैसा फार लागत नाही, दोन रविवारचं श्रमदान लागतं. आजारी माणूस तिथं चालेल, म्हातारं माणूस चालेल आणि ज्यांना ध्यान करायचं तेही चालतील.

शेवटी धोक्याच्या खुणा सांगतो, त्या पाठ करा. ताप आला, जखम लाल होऊन गरम झाली, पू किंवा वास यायला लागला, टाक्याची जागा उघडली, उलट्या थांबत नाहीत, पोट फुगलं, लघवी अडली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली, तर पाय चोळू नका, लगेच दाखवा. एकाएकी धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर क्षणभर थांबू नका, १०८ ला फोन करा.

दुसऱ्या ऑपरेशननंतर मी शहाणा झालो. दुसऱ्या दिवशी नर्सताईंनी उठवलं, उठलो. घरी आल्यावर आधी अंगण, मग शेजाऱ्याचं दार, मग या विहाराची पायरी. ज्या दिवशी घरून इथपर्यंत न थांबता चालत आलो, त्या दिवशी वंदना घेताना डोळ्यात पाणी आलं. आता शेतात जातो, कामही करतो. कट्टा मात्र दोघं मिळून उचलतो, आणि घरचं पाणी मी भरतो.

श्रमदानाच्या यादीत नाव लिहिल्याशिवाय कोणी जेवायला बसू नये अशी विनंती करून थांबतो.

भवतु सब्ब मंगलं. नमो बुद्धाय. जय भीम.